लाफाएलेचा एकच पंख

लाफाएलेने सदरा काढला, दोन्ही तळवे प्रार्थनाघराच्या भिंतीला टेकवले आणि जोर लावला. त्याबरोबर पाठीच्या उजव्या बाजूचं तिकोनी हाड कडेने उचकटून तळहाताएवढं बाहेर आलं. बायका हुंदके द्यायला लागल्या. सगळ्या गावाने गुडघे टेकले.

"पंख!" उइलीआमू बुवा गरजला. "हाड नव्हे रे अभाग्यांनो, कळी आहे ही कळी! आज कळी, उद्या पिसं! देवाने सगळी बेटं सोडून तुमचं सवाई बेट निवडलं!"

देवाचं ठाऊक नाही, पण बुवाने सवाई नक्की निवडलं होतं. महिन्यापूर्वी फेरीबोटीतून तो एक पत्र्याची पेटी घेऊन उतरला, आणि आता त्याच्याकडे दोन पेट्या होत्या. दुसरीत गावातल्या बायकांनी वर्ष वर्ष खपून विणलेल्या चटया होत्या.

मागे मसिना उभी होती. ती गावच्या दवाखान्यातली नर्स, आणि लाफाएले तिचा पाठचा भाऊ.

"पंख एकच कसा गं?" ती शेजारणीला म्हणाली. "हा देवदूत काय गोल गोल उडणार?"

"गप बस! पाप लागेल," शेजारणीने तिला चिमटा काढला.

लाफाएलेचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. फणस पाडणं बंद, जाळं फेकणं बंद. आणि बुवाचा आदेश काय, तर पंख ओझ्याने पिकतो, म्हणून कावडीत रोज दोन नारळ वाढव. लाफाएले इमानाने वाढवत होता. दोन टोकांना नारळाच्या टोपल्या आणि मधला दांडा त्याच उजव्या खांद्यावर. मसिनाने राजधानीतल्या, आपियाच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, आत्ता ओझं उतरवलं तर वर्षभरात हात परत येईल, नाहीतर जन्माचा जाईल.

"उतरव ती कावड," ती चारदा म्हणाली होती.

"ताई, पंख तुला फुटला नाही म्हणून जळतेस तू," असं तो म्हणाला होता.

प्रार्थना आटोपली आणि बुवाच्या मानाचं डुक्कर भट्टीतून निघालं. कुठला तुकडा कोणाच्या मानाचा, हे इथे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं असतं, आणि कापायचं काम गावप्रमुख तोफाएंचं. त्यांची सुरी कधी चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्यांनी पुढचा पाय उचलला, तशी मसिना सरळ मध्ये येऊन बसली.

"तोफाए काका, हा खांद्याचा फरा बरगड्यांपासून सोडवताना किती हाडं तोडता?"

"एकही नाही," म्हातारा हसला. "आत सुरी सरकवायची, मांस कापलं की आख्खा फरा हातात. पोरींना एवढंही शिकवत नाहीत वाटतं दवाखान्यात?"

"माणसाचंही तसंच, काका. पुढे गळ्याजवळच्या हाडाचा आधार, पण मागे फरा नुसत्या मांसावर धरलेला. त्या मांसाला हलवणारी शीर कावडीच्या वजनाने दबली. मांस लुळं पडलं, म्हणून फरा उचकटतो. लाफाएले, इकडे ये."

तो कुरकुरत आला. तिने त्याच्या पाठीवरचं हाड तळव्याने बरगड्यांवर घट्ट दाबून धरलं. "कर हात वर."

हात वर गेला, पार कानापर्यंत. लाफाएले स्वतःच दचकला. तिने तळवा काढला. हात अर्ध्यावर घसरला. परत दाबला, परत वर!

"माझ्या हातात देव आलाय म्हणायचं का? सकाळपासून याच हाताने भांडी घासतेय!"

लोक हसले. बुवाचं तोंड तांबडं झालं.

"सैतान बोलतोय हिच्या तोंडून!"

"मग डॉक्टर हा आजार ओळखायला रोग्याला भिंतच का ढकलायला लावतात?" मसिना कडाडली. "तुम्हाला कोणी शिकवली ही भिंत?"

"मला विचारतेस? परदेशात अकरा वर्षं इस्पितळात खाटा ढकलल्यात मी! असले खांदे तुझ्यापेक्षा जास्त पाहिलेत..." बुवाने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

लाफाएले त्याच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. "ठाऊक असून माझ्या खांद्यावर नारळ वाढवत होतास."

बुवा आपल्या पेट्यांकडे सरकला.

तोफाएंनी चटया पेटीतून काढून घेतल्या. मग कावडीच्या दोन टोकांना बुवाच्या दोन पेट्या अडकवल्या, पेट्यांतल्या उरलेल्या जागेत नारळ भरले आणि दांडा स्वतः त्याच्या खांद्यावर ठेवला. "ओझ्याने पिकतो ना पंख? चला धक्क्यापर्यंत." सगळं गाव मागून मोजत चाललं, बुवा किती वेळा बसतो ते.

दहा महिन्यांनी लाफाएलेने भिंत ढकलली, तर काहीच बाहेर आलं नाही. दोन-तीन म्हाताऱ्या तर हिरमुसल्या! त्यांना मसिना एवढंच म्हणाली, "आजी, दर रविवारी तुमच्यासमोर फरा सुटतो. सुरीला जे कळतं, ते तिला विचारायला डोक्याचं काय जातं?" मागे झाडाखाली लाफाएले उजवा हात ताणून फणस पाडत होता.