माझं बिऱ्हाड डिकीत

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, माझं डोकं फिरलेलं आहे. बॅटरीला डोकं कुठून आलं म्हणाल, तर दोन टर्मिनल आहेत आणि दोन्ही तापलेली आहेत.

कारखान्यात शिशाच्या पट्ट्या बसवून, आम्ल भरून मला घडवलं. २०११ साली पनवेलच्या एका दुकानातून मी एका लहानशा पांढऱ्या गाडीत आले. बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारी माझी जागा. उकाडा, धूर, धक्के, सगळं सोसलं. किल्ली फिरली की पहिला जोर माझा, पण कौतुक मात्र टायरचं! टर्मिनलवर पांढरी भुकटी साचली तरी कुणी फडकं मारलं नाही. असो. घर तरी आपलं होतं.

मग ही गाडी मोनालीने घेतली. मोनाली म्हणजे करंजा बंदरावरच्या काशिराम तांडेलांची मुलगी. तांडेल म्हणजे मच्छीमार होडीचा प्रमुख, त्याचा शब्द शेवटचा. मुलीला मात्र होडी नको, ट्रॅकवर गाडी पळवायची होती. दोन वर्षं ती शर्यतीत मागेच राहिली. शेवटी काशिराम म्हणाले, "ह्या खेपेला कोइमतूरला पयल्या तिघांत ये. नाय तर गाडी इकू नि तू बँकेची परीक्षा दे." पोरीच्या तोंडचं पाणीच पळालं.

तिचा मिस्त्री मोहसीन. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "नाक जड आहे आणि शेपूट हलकं. म्हणून वळणावर गाडी वळतच नाही, सरळ पळते. वजन मागे नेऊ."

वजन म्हणजे कोण? मी! मला उचलून, लांब केबल जोडून थेट डिकीत, डाव्या कोपऱ्यात बसवलं. शर्यतीच्या नियमाएवढं वजन भरावं म्हणून शिशाच्या चार विटा होत्या, त्याही माझ्या शेजारी आल्या. काशिराम त्यांना नीरम म्हणायचे. होडी डोलू नये म्हणून तळाशी दगड ठेवतात, तेच नीरम. मी कुरकुरले खरी, पण जागा बरोबर होती. आपल्याकडे गाडी चालवणारा उजवीकडे बसतो, मग आम्ही डावीकडे. मोहसीनला अक्कल होती, हे मी नाकारत नाही.

पण तांडेलांना कोण आवरणार! गाडी कळंबोलीच्या वजनकाट्यावर नेली. आधी डावी चाकं काट्यावर, मग उजवी. मोनाली स्टिअरिंगवर बसलेली, तर काशिराम म्हणाले, "तू उतर. तांडेल भायेर उभा रायल्याबिगर होडी सरल हाय का वाकडी, कलनार कसं?"

"काका, ड्रायव्हर बसलेला पाहिजे," मोहसीन म्हणाला.

"तीस वरसं होडी भरतो मी. माना शिकवतोस?"

झालं. मोहसीन वडीलधाऱ्यांपुढे गप्प बसला आणि मोनाली उतरली. रिकामी गाडी डावीकडे जड भरली. भरणारच! मग आमची वरात डावीकडून इंचाइंचाने उजवीकडे. काटा दोन्ही बाजूंना सारखा आला आणि तिघांनी टाळ्या पिटल्या. मी डिकीतून ओरडत होते, अरे शहाण्यांनो, पोरगी कुठे आहे? पण बॅटरीचं ऐकतो कोण!

कोइमतूरला शनिवारी पहिली शर्यत झाली, दुसरी आणि निर्णायक रविवारी होती. मोनाली उजवीकडे, मी उजवीकडे, विटा उजवीकडे. प्रत्येक डाव्या वळणाला मागचं डावं चाक जमीन सोडायचं. तिसऱ्या फेरीत गाडी गर्रकन फिरली आणि गवतात गेली. मोनाली नववी आली. हेल्मेट मांडीवर घेऊन ती नुसती बसून राहिली. मला तिची दया आली आणि बाकी दोघांचा संताप.

काशिरामांनी घरी फोन लावला. मोनालीची आई रंभा बंदरावर मासळी विकते, वजन-काट्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "काटा केलाव तवा पोरगी कुठं होती?"

"भायेर."

"मंग टोपली जोखलीव नुसती. मासली कवा जोखनार?"

काशिरामांनी फोन खिशात टाकला. मग गाडीपाशी येऊन सीटकडे बघत म्हणाले, "तांडेल होडीत मागं मधोमध उभा रातो. त्याचं वजन ना हिकडं, ना तिकडं. ही तर कडेला बसते, मोहसीन!"

"मी तेच सांगत होतो, काका."

पुन्हा पाना, पुन्हा केबल, पुन्हा मी डावीकडे! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तरी असतं, माझं दुसऱ्याच्या हातात. पण या वेळी मी कुरकुरले नाही.

रविवारी शनिवारच्या निकालाप्रमाणे तिला नवव्या जागेवरून सुटायचं होतं. काय पळाली पोरगी! चारही चाकं जमिनीला चिकटलेली. आठवी, सहावी, पाचवी. शेवटच्या वळणावर आणखी एक गाडी मागे टाकली आणि शर्यत संपली. चौथी.

मोनालीने स्वतःच किल्ली वडिलांपुढे धरली. "विका, बाबा. शब्द म्हणजे शब्द."

काशिरामांनी किल्ली घेतली नाही. "पाच गाड्या मागं टाकल्यास तू. नववी उभी रायलीस ती माज्यामुलं. माजी चूक तुज्या माथी कशाला? चालव." मग जरा खाकरून म्हणाले, "तुला उतरवली नि जोखत बसलो. दोन वरसांत तुज्या गाडीत एकदा बसलो पन नाय."

शेजारची सीट काढलेलीच होती. ते तसेच पत्र्यावर मांडी घालून बसले. गाडी टेम्पोपर्यंत न्यायची होती, जेमतेम शंभर पावलं. मोनालीने ती इतकी हळू नेली की मला कंटाळा यावा, पण नाही आला.

तर मित्रांनो, बॅटरीला महिन्यातून एकदा फडकं मारा, मरणार नाही तुम्ही. आणि कुणाचं ओझं मांडायला निघालात, तर ज्याला ते न्यायचं आहे त्याला आधी आत बसवा आणि मग काट्याकडे बघा.