चौथी उसवण

गोधडी तिसऱ्यांदा उसवून झाली तेव्हा मी शाळेतलं भिंग घरी आणलं आणि कापड त्याखाली धरलं. एका इंचात माझे सहा टाके बसतात, म्हणजे सुईची बारा भोकं. तीनदा शिवलं म्हणजे छत्तीस. आईचं निळं लुगडं पंधरा वर्षं धुतलेलं. भोकांच्या मधले धागे केसासारखे झाले होते आणि काही ठिकाणी तेवढेही उरले नव्हते. मी माझ्या टिपणात लिहिलं : आणखी एकदा शिवता येईल. त्यानंतर पुन्हा उसवावं लागलं तर कापड टिकेल असं वाटत नाही.

हे कापड दुसरीकडून आणता येणार नव्हतं. आई माघात गेली. तिची दोन लुगडी, एक निळं आणि एक डाळिंबी, आप्पांनी माझ्या हातात दिली आणि कमळासाठी गोधडी कर म्हणाले. कमळा माझी वहिनी. माझा भाऊ काशीराम मुंबईला गोदीत कारकून आहे, आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी संगमेश्वरला आली होती. पौषात दिवस भरत होते. आमच्याकडे मूल नव्या कापडावर निजवत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं, वापरून मऊ झालेलं लुगडं लागतं. आईने हे काम पंधरा दिवसांत केलं असतं. मी मुंबईला राहून बी. एस्सी. झाले, रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत गणित आणि शास्त्र शिकवते, आणि चार महिने एकाच गोधडीपाशी अडले होते.

दोष दर वेळी तोच. गोधडी कडेपासून शिवत आत जायची असते. चारही बाजूंनी फिरत धावदोरा हळूहळू मध्याकडे येतो. माझ्या कडा सरळ यायच्या, कोपरे काटकोनात बसायचे. पण मध्यावर पोचेपर्यंत वरचा थर कुठूनसा जास्त झालेला असायचा आणि उरलेल्या हातभर जागेत पुरीसारखा फुगायचा. एका जागी दाबला की शेजारी उठायचा.

पहिल्यांदा मला वाटलं, मी दोरा फार ओढते. दुसऱ्या खेपेला दोरा ढिला ठेवला. तिसऱ्या खेपेला दोन्ही लुगडी पुन्हा धुऊन, एकाच उन्हात वाळवून मग घड्या घातल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मी सोडला नाही. फुगा तिन्ही वेळा आला, आणि तिन्ही वेळा जवळजवळ त्याच जागी. असं काही घडलं की कारण सापडायला हवं. ते सापडत नव्हतं, याचा मला कापड विरल्यापेक्षाही जास्त राग येत होता.

या कामासाठी मी आप्पांचं टेबल अडवलं होतं. साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद, खिडकीजवळ. कस्टमच्या नोकरीतून सुटल्यावर आप्पांनी हौसेने करून घेतलेली ती एकच वस्तू. त्यावर त्यांचं पंचांग, चष्मा आणि तपकिरीची डबी असायची. आता ते ओटीवर पाटावर बसून, मांडीवर फळी घेऊन पत्रं लिहीत होते. एकदा तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाले, तुझ्या आईने उभ्या जन्मात या टेबलाला कधी हात लावला नाही. मी म्हटलं, इथे उजेड चांगला येतो.

माझा सगळा भरवसा गोधडीवहीवर होता. आई गेल्यावर तिच्या मैत्रिणींना मीच पत्रं घालून ही वही सुरू केली होती. डाव्या पानावर जिने जे नवं शिवलं त्याचा लहानसा नमुना टाचणीने लावायचा, खाली अडचण लिहायची. उजव्या पानावर बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. वही टपालाने नाही, जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवायची, कारण नमुन्यांनी ती उशीएवढी जाड झाली होती. रत्नागिरीहून ती पावसला सावित्रीवहिनींकडे जायची. त्या आंब्याच्या बागायतदारांच्या घरातल्या. तिथून बोटीने दाभोळला जनीकाकींकडे, आणि खाडी ओलांडून हेदवीला सगुणाताईंकडे. सगुणाताई मास्तरांची बायको, अक्षर मोत्यासारखं. जनीकाकींचे यजमान तांडेल, गलबतावरचे मुख्य खलाशी. आप्पा दाभोळच्या कस्टम नाक्यावर होते तेव्हा जनीकाकी आमच्या शेजारी राहायच्या, आणि त्या आणि आई मिळून गोधड्या शिवायच्या. त्यांना लिहिता येत नाही. दाभोळचे शाळामास्तर त्यांचं उत्तर लिहून देत.

पावसाळ्यात बोटी बंद झाल्या आणि वही चार महिने दाभोळला अडकून पडली. ती आश्विनात परत आली तेव्हा मी फुग्याची हकिगत पूर्ण लिहिली. गोधडीची आकृती काढली, फुग्याच्या जागी फुली मारली आणि खाली सात प्रश्न घातले. इंचाला टाके किती. दोरा एकपदरी की दुपदरी. आतले थर किती. कच्चे टाके किती अंतरावर. ओळीत ओळ किती जवळ. कोपऱ्यावर कापड फिरवता की हात. सुई कोणत्या नंबरची. प्रत्येकापुढे उत्तराला रिकामी जागा ठेवली.

कार्तिकात वही परतली. रिकाम्या जागा तशाच होत्या.

सावित्रीवहिनींनी चार पानं लिहिली होती. त्यांत त्यांच्या थोरल्या सुनेचा स्वभाव होता, बागेतल्या वानरांचा उच्छाद होता, आणि गोधडीबद्दल सुरुवातीलाच एक टोमणा होता की, मालन, तुझ्या गोधडीचं पोट बघता कमळाच्या आधी हिचंच बारसं करावं लागेल. सगुणाताईंनी तीनच ओळी लिहिल्या : मी टाके मोजत नाही, मोजायला लागले की हात अडतो, तूही मोजू नकोस. जनीकाकींचं उत्तर मास्तरांच्या टाकाने असं उतरलं होतं : सदर बाईंचे म्हणणे की, शिवताना चित्त स्थिर असावे व आसन सोडू नये. खाली मास्तरांनी आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं होतं, की स्त्रियांनी वेळेचा सदुपयोग करावा हे स्तुत्य आहे.

मी तांबडी शाई घेतली आणि सगळी उत्तरं दोनदा वाचली. ज्यात काही माप, काही कृती असेल त्याखाली रेघ ओढायची, बाकी सोडून द्यायचं. सावित्रीवहिनींच्या चार पानांत दोन रेघा पडल्या : त्या तीन थर घेतात आणि दोरा दुपदरी घेतात. जनीकाकींच्या उत्तरात एकही पडली नाही. त्या दिवशी मी शाळेत एका मुलीला भागाकार चुकला म्हणून गरजेपेक्षा जास्त बोलले.

मग तीन थर आणि दुपदरी दोरा घेऊन चौथ्यांदा शिवायला घेतलं. कच्चे टाके बोटाबोटावर घातले. रोज शाळा सुटल्यावर दीड तास. मार्गशीर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यापासून वीतभर अंतरावर आले, आणि तळहात फिरवला तर कापड तळहाताबरोबर सरकलं. फुगा आला होता.

मी सुई टोचून ठेवली आणि तशीच बसून राहिले. उसवावं तर कापड जाणार. न उसवावं तर नवजात मूल अशा गाठीवर निजवायचं, आणि बारशाला जमलेल्या बायका ती उलटून पाहणार, आणि म्हणणार, सासू असती तर. कमळा काही बोलली नसती. तेच मला नको होतं.

जनीकाकी आल्या त्या दुसऱ्या दिवशी. मुंबईला नवऱ्याकडे निघाल्या होत्या. आधी रत्नागिरीला भाचीकडे दोन दिवस, मग पुढची बोट. आप्पांनी मला शाळेतून आल्या आल्या सांगितलं की त्या मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या आहेत, कारण रिकामं बसणं त्यांना जमत नाही. मी पाया पडले, चहा केला, आणि लगेच गोधडी दाखवायला आत घेऊन गेले. सात प्रश्न मी पाठ म्हणू शकत होते. ते म्हणायला सुरुवातही केली.

त्या दारातच थांबल्या. टेबलाकडे पाहिलं. गोधडी त्यावर मांडलेली, दोन बाजूंनी खाली लोंबत होती. मग माझी खुर्ची पाहिली.

"ह्ये काय गो?" त्या म्हणाल्या. "वाकळ काय जेवायला बसवलीस?"

मी म्हटलं, मी इथेच शिवते.

"हितं? वाकळ वर नि तू खाली?"

त्या हसल्या नाहीत आधी. खरंच समजून घेत होत्या. मग हसल्या, आणि बराच वेळ हसल्या, पदराने डोळे पुसत. आप्पा ओटीवरून उठून आले. मला त्या दोघांचाही राग आला होता. मी विचारलं, काय चुकलं ते कोणी नीट सांगेल का.

जनीकाकींनी गोधडी टेबलावरून ओढली, सारवलेल्या जमिनीवर पसरली, चारही कोपरे पायाने सपाट केले आणि सरळ तिच्यावर मांडी घालून बसल्या. मग आपल्या गुडघ्यापासून बाहेर, न शिवलेल्या बाजूकडे, दोन्ही तळहातांनी कापड लोटत नेलं. फुगा त्यांच्या हातापुढे सरकत गेला. त्यांच्या अंगाखालचे थर हलत नव्हते. ते हलणं शक्यच नव्हतं, त्यांच्यावर एक बाई बसली होती.

मला तेव्हा सगळं एकदम दिसलं. टेबलाबाहेर लोंबणारा भाग आपल्या वजनाने खालचा थर ओढत होता. वरचा थर माझ्या हाताखाली मोकळा होता. प्रत्येक ओळीत तो केसभर मागे राहत होता, आणि कडा आधी शिवून बंद झालेल्या, त्यामुळे त्या सगळ्या केसभरांना जायला मध्याशिवाय जागा नव्हती. टाके, दोरा, थर, यांचा काही संबंध नव्हता. मी सात गोष्टी विचारल्या होत्या आणि आठवी माझ्या खाली खुर्ची होऊन उभी होती.

आई जमिनीवर बसून शिवायची हे मला आठवत नव्हतं असं नाही. पण आई भाजीही जमिनीवर बसून चिरायची आणि पत्रंही जमिनीवर बसून वाचायची. त्याला मी कृतीचा भाग धरलं नव्हतं.

"तुम्ही हे कळवलं का नाही?" मी विचारलं.

"कळवलं न्हाय? मास्तराला सांगितलं, तिला म्हणावं बूड टेक वाकळेवर, नि उठू नको." त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "ल्हिवताना त्येचे कान लाल झाले. काय ल्हिवलंन?"

मी वही आणून वाचून दाखवलं. चित्त स्थिर असावे व आसन सोडू नये. आप्पा तपकीर ओढायच्या निमित्ताने बाहेर गेले.

वही हातात होती म्हणून मी सावित्रीवहिनींची चार पानंही पुन्हा उलगडली. तिसऱ्या पानावर, सुनेच्या आणि वानरांच्या मध्ये, ते होतं : 'दुपारी गोधडीवर बसले की मला तर बाई डुलकीच येते, म्हणून माझं काम मागे पडतं.' त्याखाली तांबडी रेघ नव्हती. दोनदा वाचून मी ते वाक्य सोडून दिलं होतं, कारण ते झोपेबद्दल आहे असं मला वाटलं होतं.

मी जनीकाकींना त्यांचं वजन विचारलं. मला वहीत लिहायचं होतं.

"मी काय भाताची गोणी?" त्या म्हणाल्या. "बस हितं. मध्यापास्नं उसव, सगळी नको."

कडेच्या ओळी ठेवून आतली दीड हात जागाच उसवायची होती, म्हणजे जास्तीचं कापड तेवढ्यात सारखं पसरता येईल, तरी तीही उसवणच. मी कात्रीच्या टोकाने एकेक टाका उचलला, त्यांनी दोरा ओढला. निळं कापड बहुतेक ठिकाणी टिकलं. मध्याच्या डाव्या अंगाला, जिथे फुगा चारही वेळा आला होता, तिथे ते हाताच्या पंजाएवढं फाटलं. आवाजही झाला नाही. मी हात मागे घेतला. चार महिने मी जे टाळत होते ते आता समोर होतं, आणि त्याचं कारण तेवढंच होतं, एक टेबल.

जनीकाकींनी डाळिंबी लुगड्याची शिल्लक चिंधी मागून घेतली, कडा आत दुमडल्या, भोकावर ठेवली आणि बोटांनी दाबून पाहिली. मग माझा हात धरून मला गोधडीवर बसवलं, चिंधीच्या अगदी जवळ, आणि पलीकडे स्वतः बसल्या. असंच बसायचो, त्या म्हणाल्या, मी हिकडे नि तुझी आई तिकडे.

पहिल्या अर्ध्या तासात माझ्या पायाला मुंग्या आल्या. खाली वाकून पाहावं लागत असल्यामुळे ओळी टेबलावरच्याइतक्या सरळ येत नव्हत्या. मी मोजले, इंचाला कुठे पाच टाके, कुठे सात. जनीकाकींनी मोजताना पाहिलं आणि माझ्या बोटांवर चापटी मारली. कापड मात्र जागच्या जागी होतं. दुसऱ्या दिवशी त्या बोटीवर गेल्या. राहिलेलं मी एकटीने संपवलं, तिच्यावर बसून.

गोधडी बारशाच्या आदल्या दिवशी संगमेश्वरला पोचली. काशीरामचं पत्र आलं, की मुलीचं बारसं झालं, गोधडी मऊ आहे, आणि सगळ्या बायका विचारतात, मध्याच्या डाव्या अंगाला तो डाळिंबी चौकोन कोणत्या नक्षीचा. काय सांगू ते कळव.

मी अजून कळवलेलं नाही. गोधडीवहीत मात्र एक पान लिहून काढलं : गोधडी जमिनीवर पसरावी, शिवणारीने तीवर बसावे, कापड आपल्यापासून बाहेर लोटावे. आकृती काढली, कारण लिहिलं. वही काल परत आली. सावित्रीवहिनींनी उजव्या पानावर लिहिलं आहे, अगं, मग आणखी कुठे बसतात? सगुणाताईंनी त्याखाली नुसती सही केली आहे.

आप्पांना टेबल परत मिळालं. पंचांग आणि डबी पूर्वीच्या जागी आली. पत्रं ते अजून ओटीवर पाटावरच बसून लिहितात. विचारलं तर म्हणाले, सवय झाली.