मापांच्या वहीतला सेटअप

मी एक जुनी मापांची वही आहे. पुठ्ठा सुटला, पानं पिवळी पडली, त्याचं मला काही वाटत नाही. पण मला राग आला आहे, आणि तो ओकून टाकल्याशिवाय मला स्वस्थता मिळायची नाही. मित्रांनो, तुम्ही ऐकून घ्या, कारण ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी मला टेबलावरून भिरकावून दिलं.

माझा जन्म छापखान्यात झाला. दोनशे पानं, आणि प्रत्येक पानावर छापलेले रकाने: उंची, खांदा, छाती, कंबर, बाही, गळा. तिथून मी एका शिंप्याच्या दुकानात आले. मास्तर माप घेत आणि आकडे मोठ्याने सांगत, आणि दुकानात अल्टरेशन करणारी मुलगी ते माझ्यात लिहून घेई. दोन भावंडांत ती लहान, म्हणून घरीदारी सगळे तिला धाकटी म्हणत. मीही तेच म्हणते. मास्तरांची एक पद्धत होती. वहीत नुसतं अंगाचं माप लिहायचं. कपडा त्याहून किती सैल ठेवायचा, ज्याला ते लूज म्हणत, ते कधीच लिहायचं नाही. ते कापताना कापणाऱ्याने डोक्यात धरायचं, कारण कापड कसं आहे आणि माणूस कसा आहे हे त्यालाच दिसतं. धाकटीच्या हातात ही सवय अगदी मुरली होती.

मी निम्मी भरले आणि दुकानात कॉम्प्युटर आला. झालं, माझी रवानगी रद्दीत. सात वर्षं इमानेइतबारे हजारो लोकांच्या कंबरा मी कोणाला न सांगता पोटात ठेवल्या, त्याचं हे फळ! धाकटीने मला त्या ढिगातून उचललं आणि घरी नेलं. त्या एका गोष्टीसाठी मी तिचे शंभर गुन्हे माफ करीन.

घरी तिचा भाऊ होता, थोरला. गॅरेजात कामाला जायचा आणि संध्याकाळी व्हिडिओ गेममध्ये गाड्यांच्या शर्यती खेळायचा. टेबलाला स्टिअरिंग आवळलेलं, खाली पेडल, समोर मोठा स्क्रीन. गाडी तो छान चालवायचा, उगाच नाव कशाला ठेवू? पण त्या गेममध्ये शर्यतीआधी गाडी जुळवून घ्यावी लागते. जमिनीपासून किती उंच, स्प्रिंग कडक की मऊ, विंग, म्हणजे वाऱ्याच्या जोराने गाडीला रस्त्यावर दाबून धरणारी पट्टी, किती उभी, ब्रेक किती जोराचा. यालाच सेटअप म्हणतात. थोरला एका दमात दहा गोष्टी बदलायचा, भिंतीवर आदळायचा आणि गेमला शिव्या द्यायचा. धाकटी मागे स्टुलावर बसून बघायची. एक दिवस तिने मला उघडलं आणि सांगितलं की एका वेळी एकच बदल, मग पाच फेऱ्या, मग पुढचा. एक शिवण उसवायची, घालून बघायची, मगच दुसरी, हे तिचं रोजचंच काम होतं. माझे रकाने तिने नव्याने वापरले. उंचीत गाडीची उंची, खांद्यात पुढची विंग, कंबरेत स्प्रिंग, गळ्यात ब्रेक. मला हसू आलं आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

गेममध्ये गल्लीबोळांतल्या शर्यती सगळ्यांत अवघड. शहरातल्या रस्त्यांवरच ट्रॅक आखलेला, दोन्हीकडे भिंती, गटारांची झाकणं, डांबराची ठिगळं, काटकोनातली वळणं. गुळगुळीत ट्रॅकवर गाडी जितकी खाली आणि कडक तितकी ती पळते. तीच गाडी गल्लीत आणली की तिचं पोट घासतं आणि चाकं जमीन सोडतात. म्हणून धाकटी तिथे गाडी उचलायची, स्प्रिंग मऊ करायची, विंग वाढवायची, ब्रेक थोडा सैल सोडायची. किती, ते त्या रस्त्यावर आणि त्या दिवशी थोरल्याचा हात कसा आहे त्यावर ठरे. आणि मित्रांनो, ते वाढीव आकडे तिने माझ्यात कधीच लिहिले नाहीत. माझ्यात नुसतं अंगाचं माप, म्हणजे गुळगुळीत ट्रॅकवरचे आकडे. लूज तिच्या डोक्यात. दुकानातून आली की ती स्वतः गेमच्या मशीनवर बसून ते धरायची. इथे माझा तिच्यावरही राग आहे. चार आकडे जास्त लिहायला तुझं काय जात होतं ग?

थोरला जिंकू लागला. हा गेम खेळणाऱ्यांचा गावात एक क्लब होता, तिथे त्याचं नाव झालं. क्लबचा कॅप्टन एका बँकेत कारकून होता, पण शर्यतीच्या बाबतीत भलताच कडक. त्याने जाहीर केलं की पुढच्या हंगामात सगळ्या गाड्यांचे सेटअप एकच माणूस करील, आणि त्याचं नाव संघात लागेल. हे ऐकलं त्या दिवशी धाकटीने माझी सगळी पानं पहिल्यापासून वाचली. एवढं आयुष्य ती दुसऱ्यांचे कपडे उसवत आली होती, आणि हे एक काम तिचं स्वतःचं होतं. ते तिला हवं होतं. इतकं हवं होतं की मागायचं कसं हेच तिला सुचेना.

थोरल्याला मात्र सुचलं. माझ्या पानांचे फोटो दाखवून त्याने कॅप्टनला सांगितलं की हे सेटअप त्याने स्वतःच केले आहेत. जेवताना हे बाहेर आलं तेव्हा धाकटीचा घास हातातच राहिला. थोरला शांतपणे म्हणाला, "घरातलंच आहे ना? तुझं काय नि माझं काय." आईनेही जाऊ दे म्हटलं, दादा आहे तुझा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला दोन्ही नाहीत. कोणाचं आहे ते घरातलं? तीनशे संध्याकाळी स्टुलावर पाठ कोणाची मोडली?

मग चालू हंगामाची अंतिम शर्यत आली, गल्लीतली, आणि कॅप्टनने परीक्षा म्हणून संघाच्या तिन्ही गाड्यांचे सेटअप थोरल्यावर सोपवले. धाकटी दुकानात गणवेशांच्या घाईत होती. थोरल्याने तिला न सांगता मला पिशवीतून काढलं आणि क्लबात नेलं. तिन्ही गाड्यांत माझ्यातले आकडे जसेच्या तसे भरले. मी उघडी पडून बघत होते. नको रे, हे नुसतं अंगाचं माप आहे, असं किती ओरडले मी, पण वहीचं ओरडणं कोणाला ऐकू येतं? पहिल्याच फेरीत झाकणावरून जाताना थोरल्याची गाडी पोटावर घासली, ब्रेक दाबला तेव्हा चाकं हवेत होती, आणि ती सरळ भिंतीत गेली. मागोमाग दुसरी. तिसरी कशीबशी शेवटून दुसरी आली. कॅप्टनने जाब विचारला तेव्हा थोरल्याने एका क्षणात हात झटकले. मला भिंतीवर फेकलं आणि म्हणाला की वही बहिणीची आहे, तिला यातलं काही कळत नाही.

बघा, मित्रांनो. जिंकताना मी त्याची. हरल्यावर मी तिची!

माझ्या पुठ्ठ्यावर दुकानाचा शिक्का होता. दुसऱ्या दिवशी कॅप्टन मला घेऊन दुकानात आला, मागून थोरलाही आला. धाकटीने माझा सुटलेला पुठ्ठा पाहिला आणि कात्री खाली ठेवली. सगळं ऐकून घेतलं.

"दादा, जिंकलास तेव्हा ही वही कोणाची होती?" तिने विचारलं.

कॅप्टनने आकड्यांचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आकडे बरोबर आहेत. पण अंगाच्या मापाने कोणी कापड कापत नाही. लूज धरावं लागतं, ते मी लिहीत नाही. ती चूक माझी."

रविवारी क्लबात ती मशीनवर बसली. गाडी चार आकडे उचलली, स्प्रिंग तीन आकडे मऊ केली, विंग वाढवली, ब्रेक सैल केला. थोरल्याने त्याच गल्लीत वीस फेऱ्या मारल्या आणि भिंतीला रंगसुद्धा लागला नाही. कॅप्टनने सगळ्यांसमोर विचारलं की हा सेटअप कोणाचा. आणि थोरला, अजूनही, म्हणाला, "आम्हा दोघांचा."

धाकटीने माझं नवं पान उघडलं, पेन त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मग लिही. आत्ता गाडीत काय काय बदललं, आणि का."

थोरल्याने पेन धरलं. उंचीच्या रकान्यावर टेकवलं. मी वाट पाहिली, कॅप्टनने पाहिली, आख्ख्या हॉलने पाहिली. शेवटी त्याने पेन खाली ठेवलं आणि पाणी प्यायला बाहेर गेला.

मला जपा, वह्यांना कव्हर घाला, असलं मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच मागते की दुसऱ्याची वही उघडाल तेव्हा आकडे उतरवण्याआधी अक्षर कोणाचं आहे ते बघा, आणि विचारलं की त्या माणसाचं नाव घ्या. त्या दिवसापासून संघाचे सेटअप धाकटी करते, आणि लूजसकट लिहून ठेवते. थोरल्याचं ते पान माझ्यात अजून तसंच आहे. उंचीखाली निळ्या शाईचा एक ठिपका, आणि बाकी सगळं कोरं.