सैल पट्ट्याचं फ्रेंच

मित्रांनो, फ्रेंचच्या वर्गातल्या कपाटावर कडेला चिकटपट्टी लावलेला काळा टेपरेकॉर्डर दिसतो ना, तो मी. माझ्या बटणांवरच्या खुणा पुसल्या गेल्या आहेत आणि झाकण बोटाने दाबून धरावं लागतं. पण वयावरून मला हिणवू नका, या शाळेत मी फ्रेंचच्या बाईंच्याही आधी आलो.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपल्या नशिबी गाणी असणार. कसलं काय! नशिबी आलं फ्रेंच, तेही दुसऱ्या पातळीचं. पहिल्या पातळीत मुलं आपलं नाव-गाव सांगून मोकळी होतात. दुसऱ्या पातळीत खरा कस लागतो. कॅसेटमधली एक प्रवासी बाई तिकिटाच्या खिडकीवर चौकशी करते, दोन शेजारी हरवलेल्या किल्लीवरून वाद घालतात, आणि मुलांनी ते ऐकून उत्तरं लिहायची. तो वाद मी इतक्यांदा ऐकलाय, की मला कोणी विचारलं असतं तर केव्हाच मिटवून दिला असता.

बाई मला रोज फडक्याने पुसायच्या. पण आतून कधी कोणी पाहिलं नाही. वर्षं गेली तसा माझ्या पोटातला रबरी पट्टा सैल पडला आणि कॅसेट सावकाश फिरू लागली. एकदम नाही, अगदी हळूहळू. प्रवासी बाईचा आवाज सर्दी झाल्यासारखा घोगरा झाला. रोज ऐकणाऱ्यांना तो फरक कळला नाही. मला मात्र कळत होता, खोटं कशाला बोलू? पण एकेक शब्द सुटा ऐकू येत असल्याने मुलांची उत्तरं बरोबर येत होती. "यंदाचा वर्ग चांगला तयार आहे," असं बाई शिपाईमामांना सांगायच्या आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मग मी मूग गिळून गप्प बसलो.

त्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर बारीक, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. पहिल्या पातळीत ती काठावर पास झाली होती. या वर्षी ऐकण्याच्या परीक्षेत नापास झाली, तर तिला पुन्हा पहिल्या पातळीत बसावं लागणार होतं, आणि तिथे तिचा धाकटा भाऊ होता. तो घरी आतापासूनच म्हणायचा, "ताई, माझ्या शेजारची जागा धरून ठेवू का?" तिला ते फार लागायचं. म्हणून ती मधल्या सुट्टीतही माझ्यापुढे वही घेऊन बसायची.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना दुसऱ्या शाळेच्या शिक्षिका सराव परीक्षा घ्यायला आल्या. त्यांनी स्वतःचा टेपरेकॉर्डर आणि वेगळी कॅसेट आणली होती. त्यातले लोक असे भरभर बोलू लागले, की सगळा वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिला. मुंगीला वीसपैकी तीन मिळाले. त्या शिक्षिका गेल्यावर बाई चिडून म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी कॅसेट पाठ केली होती. मुंगे, तू तर पहिल्या पातळीचीच तयारी कर." मित्रांनो, दोष माझा होता आणि बोलणी ती खात होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळा सुटल्यावर ती परत आली. तिने बाईंकडून एक नवी कोरी, कधीच न लावलेली कॅसेट मागून आणली होती. माझ्यात लावली, आणि तिला त्यातलं सगळं बोलणं समजलं. न ऐकलेला धडा समजतोय, मग पाठांतर कसं असेल? तिने कॅसेटची डबी उलटसुलट करून पाहिली. डबीवर लिहिलं होतं, एक बाजू सात मिनिटं. तिने भिंतीवरचं घड्याळ बघत ती बाजू पुन्हा लावली. सव्वाआठ मिनिटं झाली.

ती धावत जाऊन बाईंना घेऊन आली. बाईंनी स्वतः घड्याळ लावून ऐकलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. "अगं, मीच तुम्हाला वर्षभर सावकाश फ्रेंच शिकवलं," असं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी माझं पोट उघडलं, लोंबलेला पट्टा काढला आणि नवा चढवला. कॅसेट लावताच प्रवासी बाई खणखणीत आवाजात, घाईघाईने बोलली आणि वर्ग खो-खो हसला. मलाही हलकं वाटलं. मग तीन आठवडे बाईंनी सगळ्यांकडून कसून सराव करून घेतला. सुरुवातीला मुंगीला पाच मिळायचे, मग आठ, मग अकरा. पास व्हायला दहा लागत होते.

निकाल आला तेव्हा मी इथेच, कपाटावर होतो. बाईंनी यादी उघडली आणि आधी मुंगीचाच आकडा शोधला. बारा होते. "सुटले गं बाई," त्या म्हणाल्या. मुंगी पास झाली होती, पण डोळे बाईंचे भरून आले. "मी तुला नको ते बोलले," त्या म्हणाल्या. मुंगी म्हणाली, "जाऊ द्या बाई, मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

मित्रांनो, ते एक वाक्य मला आजही टोचतं. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना नुसतं पुसू नका, अधूनमधून उघडून बघा. आमचं बिघडलेलं दुरुस्त व्हायला एक दिवस पुरतो. पण त्यापायी एखादं मूल स्वतःलाच ढ समजू लागलं, तर तो पट्टा बदलायला कुठल्या काकांना बोलावणार?