दीड वीत उंचीवरून

"बाबा, पुन्हा सगळी गुणसूत्रं एकमेकांवर चढलीत. बाराच्या बारा काचा वाया!"

डबा घेऊन मी प्रयोगशाळेच्या दारातच थबकलो. ठकी म्हणतो आम्ही लेकीला. शिकली भौतिकशास्त्र, आणि रमली पेशीत. डीएनएचा एवढा लांब धागा एवढ्याशा पेशीत गुंता न होता मावतो कसा, हे तिने गणिताने मांडलं होतं. कडीसारखी प्रथिनं धागा ओढून त्याचे वळसे करतात, म्हणून गुणसूत्र आखूड नि घट्ट होतं. कड्या काढल्या, तर ते पिंजलेल्या कापसासारखं दिसायला हवं. चार वाजता तेच तिच्या मार्गदर्शक मॅडमना काचेवर दाखवायचं होतं.

"गणितच चुकलं असेल," ती पुटपुटली.

मी एकतीस वर्षं इस्पितळात गुणसूत्रांच्या काचा केल्या. पण इथे सगळे डॉक्टर. आपण कोण बोलणार? तरी बोललो.

"खोली फार कोरडी आहे गं. पेशींचा थेंब पसरण्याआधीच सुकतोय. काचेवर आधी तोंडाने 'हाऽ' कर. चष्मा पुसताना करतो तसा."

"इथे लेझर लावलेत, आणि तुम्ही 'हाऽ' करायला सांगताय?"

"हसू नकोस. आणि थेंब वरून सोड. दीड वीत."

"मग तुम्हीच सोडा!" तिने ड्रॉपर माझ्या हातात कोंबला.

 दोन काचांवर श्वास सोडला, थेंब टाकले. वाळल्यावर तिने रंग दिला, आणि सूक्ष्मदर्शकावर वाकली ती वर येईना.

"बोल ना गं!"

"सुटी झालीत. एकेक मोजता येतंय." तिने दुसरी, कड्या काढलेल्या पेशींची काच सरकवली. "आणि ही... बाबा, कापूस! अगदी कापूस!"

मीही पाहिलं. जन्मभर मी ती मोजली. घट्ट का असतात, हे कधी विचारलं नाही. माझ्या पोरीने विचारलं.

चारला मॅडमनी दोन्ही काचा पुन्हा पुन्हा पाहिल्या. "गणित बरोबर आहे तुझं. आता पद्धत लिही. आकड्यांत."

"बाबा, दीड वीत म्हणजे किती?"

मला आकडा कधी लागलाच नव्हता. ठकीने पट्टी काढली. मी टेबलावर पंजा ताणून ठेवला. मॅडमही वाकल्या.

"हलू नका हं," ठकी म्हणाली.

मी श्वाससुद्धा रोखून धरला.