पुंगळीचा तळ

तोफेच्या गोळ्याची जुनी पुंगळी बघायला कोणी बोलावलं, की पुंगळीबरोबर एक गोष्ट फुकट ऐकावी लागते, हे धोंडिबाला पाठ झालं होतं. कोणाच्या आज्याने ती लढाईतून आणलेली असते, तर कोणाच्या पणज्याला ती साहेबाने हात मिळवून दिलेली असते. धोंडिबा मूळचा बेळगावकडचा. लष्कराच्या दारूगोळा कोठारात अठ्ठावीस वर्षं काढून आता डिचोलीला लेकीकडे राहत होता. जुनं पितळ जमवणारे त्याला शोधत यायचे. तो पुंगळी उलटी करायचा, तळावरची अक्षरं वाचून कारखाना नि साल सांगायचा, चहा प्यायचा आणि उठायचा. माणसं बढाया मारतात, तळ मारत नाही, एवढं त्याचं तत्त्वज्ञान.

पेडण्याच्या हर्षाबाईंकडची गोष्ट मात्र बढाईची नव्हती. निवृत्त शिक्षिका त्या. धोंडिबाला खुर्ची देऊन त्यांनी सगळं सरळ सांगून टाकलं. त्यांचे वडील पांडुरंग पोर्तुगीजांच्या लष्करी ठाण्यावर हमाल होते. एकसष्टच्या डिसेंबरात भारताचं सैन्य गोव्यात आलं, तेव्हा पांडुरंगाने त्याच्यावर एक गोळा मारला आणि रिकामी पुंगळी घरी आणली, असं गाव तेव्हापासून म्हणत आलं होतं. पांडुरंगाने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. तो वारला तेव्हा तिरडीला खांदा द्यायला चार माणसं जमवताना नाकी नऊ आले होते.

आता गावचं वाचनालय मुक्तीची स्मरणिका काढत होतं. संपादक शेजारचे भिकाजी. त्यांनी लिहिलं होतं, ‘पांडुरंगाने आपल्याच माणसांवर गोळा मारला.’ मजकूर छापखान्यात गेला होता, छपाई संध्याकाळी सुरू व्हायची होती.

"दोन दिस पाय धरलंय तेचे," हर्षाबाई म्हणाल्या. "म्हणता, पुरावो घेवन ये. पुरावो म्हणजे ती पुंगळीच. आमच्या सैन्याची निघाली तर बाबान ती मागीर वाटेर उचलली असतली. नाय तर..."

त्यांनी उठून आतून पुंगळी आणली. हातभर उंचीची, लखलखीत. तिच्यात डाव, पळ्या, झारे खोचलेले होते. साठ वर्षं ती चुलीशेजारी, आणि गॅस आल्यावर गॅसशेजारी उभी होती.

धोंडिबाने झारे काढून ठेवले आणि पुंगळी उलटी केली. दर चतुर्थीला आमसुलाने घासून घासून तळ पार गुळगुळीत झालेला. त्याने खडूची पूड चोळून फुंकर मारली. आपल्याकडच्या जुन्या मालावर बाणासारखी खूण असते, ती आधी शोधली. नव्हती. मग कडेला अर्धवट अक्षरं उमटली. त्यातल्या इंग्रजी ‘सी’ला खाली बारीक शेपूट होतं. असा सी त्याने आपल्या मालावर कधी पाहिला नव्हता. त्याने भिंग हर्षाबाईंच्या हातात दिलं.

त्यांनी पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. "शेपटेचो सी," त्या म्हणाल्या. "घराच्या जुन्या कागदांनी असता. पोर्तुगीज."

"व्हय."

"म्हणजे तांचीच."

"त्यांचीच," धोंडिबा म्हणाला. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. तळ वाचायला आलो होतो, कोणाचा बाप तोलायला नव्हे. साल तेवढं बघून उठावं म्हणून त्याने पुंगळी उजेडाकडे वळवली, आणि त्याचा हात थांबला.

तळाच्या मधोमध कॅप असते. तोफेची पिन तिच्यावर आपटते, ती पेटते, आतली दारू पेटते, गोळा सुटतो. उडालेल्या पुंगळीच्या कॅपवर पिनेचा खळगा पडलेलाच असतो. ही कॅप सपाट होती. पुंगळीच्या तोंडाशी पकडीचे चावे होते. गोळा कोणीतरी ओढून काढला होता.

"ताई, गॅस बंद करा."

"कित्याक? चाय ठेवलंय."

"बंद करा आधी. हिची कॅप जित्ती हाय. ही उडलीच न्हाई."

त्याने पुंगळी दोन्ही हातांनी अंगणात नेली, घरापासून लांब माडाच्या बुंध्याशी ठेवली आणि पोलिसांना फोन लावला. हर्षाबाई मागोमाग आल्या.

"उडली नाय म्हणजे बाबान मारलो नाय?"

"ही पुंगळी उडली न्हाई. तळावर तेवढंच हाय."

"मग पोलिसांक कित्याक बोलावलास? ते घेवन जातले. मी भिकाजीक दाखवू काय? माजा कपाळ?" त्या खरोखर चिडल्या होत्या.

"पंचनामा व्हतोय, ताई. पितळ जाईल, कागद ऱ्हाईल."

पोलीस ठाण्यातून हवालदार तासाभरात आले. त्यांनी पुंगळी लांबूनच पाहिली, पणजीच्या पथकाला कळवलं आणि अंगणात खुर्ची टाकून लिहायला बसले. "दोन पंच पाहिजेत. गावातले, प्रतिष्ठित."

"एक समोरचो दुकानदार," हर्षाबाई म्हणाल्या. "दुसरो भिकाजी."

धोंडिबाने त्यांच्याकडे वळून पाहिलं. बाई बारा गावचं पाणी प्यालेली दिसत होती.

पंच व्हायला भिकाजींनी उभ्या आयुष्यात नाही म्हटलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते आले. हवालदारांनी धोंडिबाला विचारून विचारून लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "पुंगळी पोर्तुगीज बनावटीची. कॅपवर पिनेचा ठोका नाही. सबब ती कधीही उडालेली नाही."

दुकानदाराने सही केली. भिकाजींनी पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. "दहा वर्सांचो होतंय मी," ते म्हणाले. "आवाज ह्या कानांनी आयकललंय. तो मग खंयचो?"

तळाबाहेरचं धोंडिबा कधी बोलत नसे. "आवाज कशाचा ते मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "हिचा न्हवता. पांडुरंगानं गोळा उपसलाय, दारू वतलीय, आन् पुंगळी निकामी करून घरी आणलीय. मारायचा आसता तर उपसला कशाला आसता?"

भिकाजी माडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या बापायन तेका मरेपर्यंत उंबऱ्याभायर उभो केलो." त्यांनी सही केली आणि तिथेच उभ्या उभ्या छापखान्यात फोन लावला.

"जयरामा, पांडुरंगाची ती ओळ काडून टाक."

"काडू नको," हर्षाबाई म्हणाल्या. "काडलंस तर लोक म्हणतले, पांडुरंगाचा चेडू रडला म्हणान काडली. आसा थंयच ऱ्हवांदे. एक शब्द वाडय."

भिकाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. फोनमधून जयराम हॅलो, हॅलो करत होता.

"हां, आयकतंय रे," ते फोनमध्ये म्हणाले. "काडू नको. ‘गोळा मारला’ आसा ना, तेच्या फुडे ‘नाही’ घाल. नाही रे, नाही. न-क कानो, ह-क दुसरी वेलांटी."