अंगठा लागणारं रीळ

"आधी हात दाखवा," श्यामसुंदरशेठ म्हणाले.

शमशुद्दीननं जरा वेळच लावला. बावीस वर्षं झाली, तरी अनोळखी माणसासमोर त्याचा उजवा हात आपोआप खिशात जायचा.

"ज्योतिषी नाही हो मी! पण बोहरी आळीत चाळीस वर्षं गळ विकतोय. हात बघितल्याशिवाय रीळ देत नाही. दिलं, की लोक परत आणून माझ्याच डोक्यात घालतात."

हात काउंटरवर आला. चार बोटं, आणि अंगठ्याच्या जागी गुळगुळीत खुंट. शेठनी ना 'अरेरे' म्हटलं, ना कसं झालं ते विचारलं. शमशुद्दीनला तेवढ्यावरच माणूस आवडला.

शेठनी दोन रिळं समोर ठेवली. एक आडवं, ढोलकीसारखं, सोनेरी. "हे काठीच्या वर बसतं. गळ फेकला की फिरत्या चाकावर अंगठा दाबायचा. नाही दाबला, तर नायलॉनच्या तंगुसाचं असं घरटं होतं, की दिवसभर सोडवत बसा. दिसायला राजा आहे, पण तुमच्या कामाचं नाही." मग दुसरं पुढे सरकवलं, काळपट, साधं. "हे काठीखाली लोंबतं. तंगूस पहिल्या बोटावर धरायचा आणि फेकताना सोडायचा. मूठ डाव्या हातानं फिरवा. अंगठ्याची गरजच नाही."

शमशुद्दीननं तंगूस बोटावर धरून पाहिला, मूठ फिरवली. अहाहा! आयुष्यभर तो बांबूच्या काठीला तंगूस बांधून खडकवासल्याच्या काठावर बसत आला होता. गळ पडायचा दहा हातांवर, आणि मोठे रोहू उसळ्या मारायचे पन्नास हातांवर. आता बघू म्हणावं!

रीळ तो स्वतः घेणार नव्हता. कारखान्यातल्या त्याच्या प्रेस खात्याची रीत होती, निवृत्त होणाऱ्यानं काय हवं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं आणि खात्यानं नाव कोरून ते भेट द्यायचं. सगळे भिंतीवरचं घड्याळ मागायचे. शमशुद्दीननं चिठ्ठीवर शेठच्या दुकानाचं नाव आणि रिळाची जात लिहिली, खाली चित्र काढलं आणि वर एक ओळ घातली : 'उजव्या हाताला अंगठा नाही, म्हणून हेच आणावे.' चिठ्ठी सुपरवायझर गोपाळकृष्णांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, घडी केली आणि खिशात टाकली.

तो अंगठा कसा गेला, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. शमशुद्दीनचा हात मशिनच्या जबड्यात असताना बटण दाबलं होतं गोपाळकृष्णांनी. तेव्हा तो पोरगाच होता, पंधरा दिवसांत परमनंट होणार होता, लग्न ठरलं होतं. चौकशीत शमशुद्दीन म्हणाला, "चूक माझीच." गोपाळकृष्ण त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला होता. पुढे तो सुपरवायझर झाला आणि 'निष्काळजी' शमशुद्दीन स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसला. असू दे, म्हणायचा. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, बस झालं.

निरोप समारंभ झोकात झाला. "शमशुभाई म्हणजे आमच्या खात्याचा उजवा हात!" गोपाळकृष्ण म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

घरी येऊन त्यानं खोका उघडला. आत सोनेरी, आडवं रीळ होतं. बाजूला झोकदार अक्षरांत त्याचं नाव कोरलेलं.

"काय सुरेख आहे हो!" त्याची बायको सकीना म्हणाली. मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं, आणि ती भाकऱ्या करायला उठून गेली.

विसरले असतील, असं शमशुद्दीननं रात्रभर मनाला बजावलं. मासेमारीतलं कळतंय कुणाला! सकाळी तो बदलून घ्यायला बोहरी आळीत गेला.

श्यामसुंदरशेठनी कपाळावर हात मारला. "हे तुमच्यासाठी होतं? चौघंजण आले होते, पुढे एक साहेब. नियमाप्रमाणे मी विचारलं, ज्याला द्यायचंय त्याचा हात कसा आहे? साहेब म्हणाले, हाताला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे!"

"चिठ्ठी नाही दाखवली?"

"कसली चिठ्ठी?"

शमशुद्दीनच्या आता सगळं लक्षात आलं. चारचौघांत ती ओळ वाचून दाखवावी लागली असती. कुणीतरी विचारलं असतं, अंगठा गेला कसा हो? तेवढ्यासाठी! बावीस वर्षं ज्याचं झाकलं, त्यानं याचा हातच धडधाकट करून टाकला. संतापानं त्याचे कान तापले.

"बदलून दिलं असतं हो," शेठ म्हणाले, "पण नाव कोरलंय. आता हे कोण घेणार?"

तिथून तो तडक सदाशिव पेठेत गेला. दार गोपाळकृष्णांच्या बायकोनं, कुसुमवहिनींनी उघडलं. "या ना, शमशुभाई! बसा, चहा टाकते."

तो बसला नाही. खोका टीपॉयवर ठेवला.

"आवडलं नाही का?" गोपाळकृष्णांनी पेपर खाली घेतला.

"आवडलं. पण याला अंगठा लागतो, गोपाळराव." आवाज चढू न देता तो म्हणाला, "आणि माझा तर तुमच्याकडेच राहिलाय. तेव्हा हेही ठेवा."

शमशुद्दीन बाहेर आला आणि त्यानं दार ओढून घेतलं. चपलेत पाय घालता घालता त्याला आतून वहिनींचा आवाज आला.

"अहो, कसला अंगठा? काय म्हणत होते ते?"

तो थांबला. एक पाय चपलेत, एक फरशीवर. एवढं एक उत्तर ऐकून जाऊ, असं त्याला वाटलं.

आत पेपर उलटल्याचा आवाज झाला.

"काही नाही गं. रिटायर झालं की डोकं फिरतं माणसाचं," गोपाळकृष्ण म्हणाले. "तू चहा टाक. एकच कप."

शमशुद्दीननं दुसरी चप्पल घातली, कठडा चार बोटांनी धरला आणि एकेक पायरी उतरू लागला.